खोटं मस्टर, खोटा अपघात अहवाल: शिक्षा कोणाला आणि किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीतल्या एका प्रेस-शॉपमध्ये तुम्ही हिशेब आणि पीएफ-ईएसआयचं (ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा) काम बघता. कामगार पस्तीसच्या आसपास. ९ ऑगस्ट २०२४ च्या संध्याकाळी पॉवर प्रेसवर एका ऑपरेटरच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तो जानेवारीपासून कामावर होता, पण ईएसआयला त्याची नोंदणीच नव्हती. मालकांच्या सांगण्यावरून त्याच रात्री तुम्ही पोर्टलवर नोंदणी केली आणि रुजू तारीख ९ ऑगस्ट टाकली. पगार १६,००० दाखवला. जानेवारी ते जुलैचं मस्टर त्याचं नाव गाळून पुन्हा लिहिलं, ऑगस्टच्या पानावर त्याच्या नावाची सही सुपरवायझरने ठोकली, आणि अपघात अहवालावर सही तुमची. आता ईएसआय महामंडळाच्या शाखा कार्यालयाची नोटीस आली आहे: मूळ मस्टर, पगारपत्रकं आणि बँकेचे तपशील घेऊन या. मालक म्हणतात, कामगारानेही तक्रारीत ‘दोन वर्षं नोकरी, १९,५०० पगार’ असं खोटं लिहिलंय, आपणच त्याच्यावर फसवणुकीची केस टाकू. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला असलेल्या तुमच्या चुलतभावाने सांगितलं की तिकडे अशा प्रकरणात पाच वर्षं आत टाकतात. तुम्हाला विचारायचंय ते हे की इथे काय होतं, आणि सही तुमची असल्यामुळे ते तुम्हालाच होतं का.

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण झोप त्यानेच उडाली असणार. हो, तुम्हालाही होऊ शकतं. पण आजपर्यंत जे झालं त्यापेक्षा पुढच्या आठ-पंधरा दिवसांत तुम्ही काय करता, यावर तुमचं बरंच अवलंबून आहे.

भावाचं म्हणणं तिथल्यापुरतं बरोबर आहे. कॅलिफोर्नियात विमा संहितेचं कलम १८७१.४ खास कामगार भरपाईतल्या खोटेपणासाठीच आहे. काउंटीच्या तुरुंगात एक वर्ष, किंवा दोन, तीन अथवा पाच वर्षं कैद. दंड दीड लाख डॉलर किंवा फसवणुकीच्या रकमेच्या दुप्पट, जे जास्त असेल तिथपर्यंत. मालक, कामगार, डॉक्टर, वकील सगळ्यांना तेच कलम. आपल्याकडची रचना उलटी आहे. कामगार कायद्यांत लिहिलेली शिक्षा हलकी, आणि जड शिक्षा दंडसंहितेत. आपले बरेच मालक आणि त्यांचे सल्लागार फक्त कामगार कायद्याचं पान वाचतात, दोन हजारांचा दंड बघतात आणि निर्धास्त होतात. तुमच्या मालकांचंही तसंच झालेलं दिसतंय.

आधी कुठला कायदा लागू, ते बघू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली आणि १९२३ चा कामगार भरपाई कायदा व १९४८ चा ईएसआय कायदा तिच्यात विलीन झाले. तुमचं कृत्य मात्र ऑगस्ट २०२४ मधलं आहे. कृत्याच्या दिवशी जो कायदा होता त्याच्यापेक्षा जास्त शिक्षा देता येत नाही. घटनेच्या अनुच्छेद २०(१) चं हे संरक्षण आहे. म्हणून तुमच्यासाठी जुना ईएसआय कायदा. आणि भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाल्यामुळे दंडसंहितेच्या बाजूने नवी संहिता. सल्लागाराने अजून जुन्या दंडसंहितेचे ४२०, ४६८ हेच आकडे सांगितले असतील तर अर्थ तोच आहे, कलमांचे क्रमांक बदललेत.

१९२३ च्या कायद्याचं तुमच्या प्रकरणात फारसं काम नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेला कारखाना, पगार २१,००० च्या आत, म्हणजे कामगार ईएसआयचा विमाधारक. त्याला कलम ५३ मुळे त्याच दुखापतीसाठी १९२३ च्या कायद्याखाली वेगळी भरपाई मागता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ए. त्रेहान प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. तरी लहान वर्कशॉपवाल्यांसाठी सांगून ठेवतो: त्या कायद्याचं कलम १८अ होतं केवळ दंडाचं. मृत्यू किंवा गंभीर इजेचा अहवाल सात दिवसांत कामगार भरपाई आयुक्तांना न पाठवणं, सूचना वही न ठेवणं, कामगाराला त्याचे हक्क न कळवणं यासाठी २०१७ च्या दुरुस्तीनंतर ५०,००० ते एक लाख रुपये. कैद नाही. खटल्याला आयुक्तांची परवानगी लागते आणि गुन्हा त्यांच्या कानावर आल्यापासून सहा महिन्यांत तो दाखल व्हावा लागतो. अहवाल न देणाऱ्याला ती शिक्षा. खोटा अहवाल देणाऱ्याचा हिशेब वेगळ्या दारात होतो.

आता तुमचा कायदा. ईएसआयचं कलम ८४ सांगतं की जास्तीचा लाभ मिळावा, अनधिकृत लाभ मिळावा, किंवा स्वतःला द्यायची रक्कम टाळावी अथवा दुसऱ्याला टाळायला मदत व्हावी म्हणून जाणूनबुजून खोटं निवेदन करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘दुसऱ्याला टाळायला मदत’ हे शब्द पुन्हा वाचा. मालकाची वर्गणी वाचावी म्हणून रुजू तारीख बदलणारा हिशेबनीस या शब्दांत नेमका बसतो.

वर्गणी न भरणं हा आणखी वेगळा गुन्हा, कलम ८५ चा. कामगाराच्या पगारातून कापून भरली नाही तर किमान एक वर्ष, कमाल तीन वर्षं आणि दहा हजार दंड. कापलीही नाही आणि भरलीही नाही तर किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं आणि पाच हजार दंड. सबळ आणि खास कारणं नोंदवून न्यायालय कैद कमी करू शकतं, दंड मात्र नाही. अब्दुल समद प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच हजारांत एक रुपयाही कमी करायला नकार दिला. हे कलम मुख्यतः मालकावर आणि धंद्याचा कारभार ज्याच्या हातात आहे त्याच्यावर. पण ‘मी तर नोकर’ या ढालीवर फार विसंबू नका. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या एका कंपनीच्या जनरल मॅनेजरची ईएसआय कायद्याखालची शिक्षा कायम ठेवली. कामगारांकडून कापलेली वर्गणी भरलेली नव्हती, आणि हुद्द्याचं नाव काय यापेक्षा कारभार कोण बघत होतं हे महत्त्वाचं ठरलं. तुम्ही चेकवर सही करत नाही, माणसं घेत-काढत नाही, पोर्टल फक्त भरता. त्यामुळे कलम ८५ मध्ये तुम्हाला ओढणं अवघड आहे. कलम ८४ मध्ये नाही.

खरी धार पुढे आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३४४ (जुनं ४७७अ) मुद्दाम कारकून, अधिकारी आणि नोकर यांच्यासाठी लिहिलेलं आहे. फसवण्याच्या इराद्याने मालकाच्या वह्या, कागद किंवा इलेक्ट्रॉनिक नोंदी नष्ट करणं, बदलणं, त्यात खोटी नोंद करणं किंवा महत्त्वाची नोंद गाळणं: सात वर्षांपर्यंत कैद. नेमकं कोणाला फसवायचं होतं हे आरोपपत्रात नाव घेऊन सांगावंही लागत नाही, सर्वसाधारण इरादा पुरतो. सात महिन्यांचं मस्टर एक नाव गाळून पुन्हा लिहिणं म्हणजे या कलमाचं पाठ्यपुस्तकी उदाहरण. मालकांनी सांगितलं म्हणून केलं, हा बचाव नाही. धमकीमुळे केलेल्या कृत्याला संहितेचं कलम ३२ माफी देतं, पण ती धमकी तत्काळ मृत्यूची असावी लागते. नोकरी जाईल ही भीती त्यात बसत नाही, कितीही खरी असली तरी.

इथे एक बारकावा, जो तुमच्या उपयोगाचा आहे. खोटं लिहिणं आणि बनावट दस्तऐवज करणं या कायद्यात दोन गोष्टी आहेत. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने खोटा मजकूर लिहिला म्हणून तो दस्तऐवज सहसा बनावट ठरत नाही. २००९ मध्ये मोहम्मद इब्राहिम विरुद्ध बिहार राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही रेघ ओढली. म्हणजे तुमच्या सहीचा अपघात अहवाल खोटा आहे, पण त्याला बनावट म्हणणं अवघड. ऑगस्टच्या पानावर सुपरवायझरने कामगाराच्या नावाने केलेली सही मात्र सरळसरळ बनावट आहे: कलम ३३६(३), फसवणुकीसाठी बनावटगिरी, सात वर्षांपर्यंत. आणि ते पान खरं म्हणून तुम्ही शाखा कार्यालयात नेऊन ठेवलंत, तर बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरण्याचं कलम ३४० तुमच्या नावावर चढतं. आज ते चढलेलं नाही. ही ओळ नोटिशीच्या पाठीमागे लिहून ठेवा.

याशिवाय ३१८(४), म्हणजे जुनं ४२०, आणि एकत्र मिळून केलं म्हणून कट. पोलीस ही कलमं सवयीने लावतात. प्रत्येक टिकेलच असं नाही, पण ३१८(४) दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याने अटकपूर्व जामिनाची धावपळ त्याच्यामुळे होते. फसवणुकीत न्यायालयाच्या परवानगीने तडजोड होऊ शकते. बनावटगिरी आणि खोटे हिशेब यांत तसा रस्ता नाही. उच्च न्यायालयातूनच गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो. एकाच कृत्यासाठी दोन्ही कायद्यांखाली खटला चालू शकतो, शिक्षा मात्र त्याच गुन्ह्याची दोनदा होत नाही.

हे पकडलं जाईल का? माझं स्पष्ट मत, ते पकडलं गेलेलं आहे, म्हणूनच नोटीस आली. संध्याकाळी सातला बोटं गेली आणि रात्री नऊला नोंदणी, ही वेळ पोर्टलवर उमटलेली असते. अपघाताच्याच दिवशी रुजू झालेला ऑपरेटर, तोही थेट पॉवर प्रेसवर, हे वाचून शाखा कार्यालयातला नवखा कारकूनसुद्धा फाइल बाजूला काढतो. मग मस्टर. खऱ्या मस्टरच्या पानाचा कोपरा दुमडलेला असतो, तेलकट अंगठ्यांचे डाग असतात, कोणाच्या नावापुढे ‘र’ खोडून ‘ह’ केलेला असतो, फेब्रुवारीत काळं पेन आणि मार्चमध्ये निळं. सात महिन्यांची पानं एकाच पेनाने, एकाच बसणीत, एकही खाडाखोड न करता लिहिलेली असली की काहीतरी शिजलंय हे सांगायला हस्ताक्षरतज्ज्ञ लागत नाही. आणि त्याचा पगार बँकेत जात होता का? जात असेल तर सात जमा नोंदी त्याच्या पासबुकात आहेत, त्या तुम्ही पुन्हा लिहू शकत नाही. रोख देत असाल तर उचलीच्या चिठ्ठ्या, गेटची वही, आणि त्या संध्याकाळी ग्रुपवर पडलेला ‘प्रेसमध्ये हात सापडला, गाडी काढा’ हा निरोप.

आणि दवाखान्याचा कागद. तुम्ही लिहिलंय की पहिल्या खासगी नर्सिंग होममध्ये ‘गेटमध्ये बोटं सापडली’ असं सांगण्यात आलं. आकस्मिक विभागातल्या डॉक्टरची पहिली दोन-तीन वाक्यं पुढे सगळ्या खटल्यात फिरत राहतात: केव्हा, कुठे, कशाने, आणि सांगणारा कोण. सांगणारा मालक होता की रुग्ण, हेही त्यात लिहिलेलं असतं. पुढे ईएसआय रुग्णालयात कामगाराने स्वतः ‘कंपनीत प्रेसवर’ असं सांगितलं असेल, तर हे दोन कागद समोरासमोर ठेवले जातील. प्रेसच्या डायखाली (साच्याखाली) चिरडलेलं बोट आणि दारात चेपलेलं बोट शल्यचिकित्सकाला वेगळं दिसतं. जखमेचं वर्णन पहिल्या दवाखान्यानेही प्रामाणिकपणे केलेलं असणार, फक्त कारण ऐकीव लिहिलं असणार.

मालकांना हे सगळं का करावंसं वाटलं, त्याचा हिशेब करून बघा. ओव्हरटाइम धरून त्याचे महिन्याला १९,५०० होत होते असं समजू. मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के, मिळून चार टक्के म्हणजे ७८० रुपये. सात महिन्यांचे ५,४६०. दोन वर्षं धरली तरी १८,७२०. त्यावर १२ टक्क्यांनी व्याज आणि नुकसानभरपाई, जी थकबाकीपेक्षा जास्त लावता येत नाही. एवढं भरलं असतं तर विषय जवळपास तिथेच मिटला असता. कायद्याच्या काटेकोर अर्थाने उशिरा भरल्याने कलम ८५ चा गुन्हा पुसला जात नाही, पण स्वतःहून थकबाकी भरणाऱ्यावर महामंडळाने खटल्याची मंजुरी घेतल्याचं मी क्वचितच पाहिलं आहे. कामगाराला लाभ मिळण्यात अडचण येईल म्हणून जुनी तारीख दाखवता येत नव्हती, असं मालक म्हणत असतील तर तेही चूक. कामावर झालेल्या दुखापतीच्या लाभाला वर्गणीचे इतके दिवस झालेच पाहिजेत अशी अट नाही. जानेवारीची खरी तारीख टाकली असती तरी त्याला लाभ मिळालाच असता. म्हणजे खोटं बोलायची गरजच नव्हती, आणि हे त्या रात्री त्यांना कोणी सांगितलं नाही.

मालकांची दुसरी भीती मात्र खरी असावी, ती कारखाने निरीक्षकाची. गेटचा बनाव त्यासाठीच असणार. प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची दोन बटणं असतात, म्हणजे स्लाइड खाली येताना हात डायबाहेर राहतो. उत्पादन वाढवायला त्यातलं एक बटण चिकटपट्टी किंवा बोल्ट लावून कायमचं दाबून ठेवलेलं मी भोसरीपासून सातपूरपर्यंत बघत आलोय. तसं असेल तर कारखाने अधिनियमाखाली यंत्राच्या संरक्षणाचा भंग, आणि कामगाराचं काम ४८ तास किंवा जास्त बंद करणारा अपघात न कळवल्याचा वेगळा भंग. कलम ९२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तिथेही गुन्हा निरीक्षकाला कळल्यापासून तीन महिन्यांत तक्रार दाखल व्हावी लागते, आणि आरोपी असतात भोगवटादार (कारखान्यावर अंतिम ताबा असलेला) आणि व्यवस्थापक. हिशेबनीस त्यात येत नाही. सांगायचा मुद्दा, मालक स्वतःला यातून वाचवायला बघत होते, आणि त्यासाठी जी सही लागली ती तुमची होती.

आता तुमच्या खोट्या आकड्याने कामगाराचं काय झालं, तेही बघा, कारण न्यायाधीश हेच बघणार. एका हाताची दोन बोटं गेली की ईएसआय कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे कमाईच्या क्षमतेत २० टक्के घट. ढोबळ हिशेबाने १९,५०० पगारावर रोज ७५० धरले, त्याचे ९० टक्के ६७५, आणि त्याचे २० टक्के म्हणजे दिवसाला १३५ रुपये, तहहयात. तुम्ही १६,००० दाखवलेत, तर तोच आकडा १११ च्या आसपास येतो. दिवसाला २४ रुपये, महिन्याला सातशेवर, आणि त्याचं वय २७. वर्गणीतून वाचलेल्या रकमेपेक्षा ही रक्कम किती मोठी आहे ते तुम्हाला, आकड्यांच्या माणसाला, मी सांगायला नको.

यावरूनच तुमचा दुसरा प्रश्न येतो: कामगारावर उलट केस. कामगाराचं खोटं हाही गुन्हा आहेच, आणि तेच कलम ८४ त्यालाही लागतं. शिक्षा झाली तर नियमांत ठरवलेल्या काळापुरते त्याचे रोख लाभही बंद होतात, आणि चुकीने घेतलेली रक्कम कलम ७० खाली परत द्यावी लागते. तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ घेत असताना दुसरीकडे कामाला जाणं, रविवारी घरी पडून झालेलं फ्रॅक्चर सोमवारच्या पहिल्या पाळीत झालं म्हणून सांगणं, मृताची खोटी पत्नी उभी करणं, ही प्रकरणं खरी असतात आणि मी मालकांच्या बाजूने ती लढलोही आहे. टोळ्याही असतात. उत्तर प्रदेशात अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या आदेशाने बनावट मोटार अपघात आणि कामगार भरपाई दाव्यांसाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं. १,३७६ संशयास्पद प्रकरणं पथकाकडे आली, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांवर कारवाई होत नाही म्हणून तिथल्या बार कौन्सिलला फटकारल्यानंतर २८ वकील निलंबित झाले. त्या जाळ्यात वकिलांच्या जोडीला पोलीस, डॉक्टर आणि विमा कंपन्यांची माणसंही होती. वकीलपेशाचा माणूस म्हणून हे लिहायला बरं वाटत नाही, पण कोणी विचारलं तर लपवतही नाही.

तुमच्या कामगाराचं प्रकरण मात्र त्यातलं नाही. तुम्हीच लिहिलंय की जानेवारीआधी तो त्याच शेडमध्ये ठेकेदाराकडे हेल्पर होता. मग ‘दोन वर्षं’ हे खोटं कसं? ठेकेदाराच्या माणसाची वर्गणी भरण्याची जबाबदारीही ईएसआय कायद्यात मुख्य मालकावरच आहे. उलट ही तक्रार केलीत तर मागच्या दीड वर्षाची थकबाकी तुम्ही स्वतःच उघडी कराल. १९,५०० हा आकडाही ओव्हरटाइमसकट बरोबर निघतो, आणि वर्गणीसाठी ओव्हरटाइम पगारात धरला जातो हे सर्वोच्च न्यायालयाने पक्कं केलेलं आहे. आकडा फुगवणं किंवा तारखेचा घोळ, आणि जाणूनबुजून केलेलं खोटं निवेदन, यांत फरक आहे. सातवी शिकलेल्या माणसाने युनियनच्या कार्यकर्त्याकडून लिहून घेतलेल्या अर्जातली प्रत्येक चूक कलम ८४ खाली येत नाही. खोटी फिर्याद दिली तर कलम २४८ (जुनं २११) मालकांवर उलटतं, आणि ती तुम्ही टाइप करून सही केलीत तर तुमच्यावरही.

न्यायालयात गेल्यावर आणखी एक पायरी वाढते. कर्मचारी विमा न्यायालयात शपथेवर खोटी साक्ष दिली तर कलम २२९, सात वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. न्यायालयापुढे अप्रामाणिकपणे खोटा दावा करण्यासाठी कलम २४६, दोन वर्षांपर्यंत. ही कारवाई न्यायालय स्वतः सुरू करतं, समोरच्याने पोलीस ठाण्यात जाऊन चालत नाही. काही जण यातून सोयीचा अर्थ काढतात की कागद एकदा न्यायालयात दाखल झाला की पोलिसांना हात लावता येत नाही. इक्बाल सिंग मारवाह निकालाने २००५ मध्येच ही पळवाट बुजवली: दस्तऐवज न्यायालयात येण्याआधी बाहेरच बनावट झालेला असेल तर नेहमीसारखा गुन्हा दाखल होऊ शकतो. तुमचं मस्टर तसंच आहे.

तर आता करायचं काय. पहिलं, जुनं मस्टर फाडलं नसेल तर ते आजच सुरक्षित ठेवा. मालकांनी ‘जाळून टाक’ म्हटलं तरी हात लावू नका. पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि तो अजून झालेला नाही. दुसरं, नोटिशीला उत्तर म्हणून नवं मस्टर, नवं पगारपत्रक, मागच्या तारखेचं नेमणूकपत्र, काहीही बनवू नका. तिसरं, मालकांचा वकील तो तुमचा वकील नाही. त्याचं अशील मालक आहेत, आणि उद्या ‘मला काही माहीत नव्हतं, सगळं हिशेबनिसाने केलं’ हे वाक्य तोच लिहिणार आहे. वेगळा वकील करा, निदान एकदा भेटा. त्या रात्री मालकांनी फोनवर किंवा निरोपात जे सांगितलं ते जपून ठेवा, फोन बदलू नका.

मग मालकांपुढे ठेवायचा प्रस्ताव: खरी रुजू तारीख आणि खरा पगार देऊन दुरुस्तीचं लेखी निवेदन, ठेकेदारीच्या काळासकट वर्गणी व्याजासह भरणं, आणि कामगाराच्या लाभाचा फेरहिशेब व्हावा म्हणून महामंडळाला पत्र. हिशेबाची बाजू तुम्ही एका दुपारी तयार करू शकता. बहुतेक मालक रकमेचा आकडा समोर दिसला की ऐकतात. कामगाराला हातात ‘पन्नास हजार घे आणि तक्रार मागे घे’ असं काही सुचवलं जात असेल तर थांबवा; त्या कागदाने कायदेशीर जबाबदारी संपत नाही आणि पैसे देऊन साक्ष फिरवली असा अर्थ निघतो.

मालक तयार झाले नाहीत तर तुमचा मार्ग वेगळा होतो. सामाजिक सुरक्षा अधिकाऱ्याला कागद मागण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे, तिथे खोटं बोलू नका. पण आरोपी म्हणून उभं राहण्याची शक्यता असताना स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क अनुच्छेद २०(३) तुम्हाला देतो. काय सांगायचं, काय वकिलामार्फत लेखी द्यायचं, हे वकिलाला भेटून ठरवा, शाखा कार्यालयाच्या बाकावर बसून नको. सगळ्यांत आधी खरं सांगणाऱ्या कनिष्ठ कर्मचाऱ्याला फौजदारीत साक्षीदार करण्याकडे तपास अधिकाऱ्याचा कल असतो. याची हमी मात्र कोणी देऊ शकत नाही, आणि कोणी देत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका.

नोटिशीवरची हजर राहण्याची तारीख बघा. कागद जमवायला वेळ हवा असेल तर मुदत संपायच्या आत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात कारण म्हणून ‘मूळ अभिलेख तपासून योग्य ती दुरुस्ती सादर करावयाची आहे’ एवढंच लिहा.